तिसरं शून्य

अनसूया शिवलकर यांना आमच्या ऑफिसात कुणी हुशार समजत नसे. हुशार होता अभिनव. तो आठवड्यातून दोनदा लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून यायचा, सरांच्या केबिनमध्ये एसीखाली बसायचा आणि दर वाक्याची सुरुवात 'बेसिकली'ने करायचा. अनसूयाबाई बाहेर बसायच्या, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर. खालच्या मजल्यावर स्टीलच्या डब्यांना पॉलिश करायचे, त्याची काळी भुकटी वर येऊन त्यांच्या कीबोर्डवर बसायची. रोज सकाळी त्या ओल्या फडक्याने एकेक कळ पुसायच्या आणि मगच कामाला लागायच्या. अभिनव ते बघून हसायचा. मीही हसायचो.

आमचं ऑफिस भाईंदर पूर्वेला होतं. औषधांच्या खोक्यांवर, मसाल्याच्या पाकिटांवर, अगरबत्तीच्या पुड्यांवर जो बारीक मजकूर असतो, तो मांडून छपाईला द्यायचा, हा धंदा. मालक गुणवंत टिपणीस. दारावर त्यांनी मोठी पाटी लावली होती: 'बावीस भाषात सेवा'. 'भाषांत'वरचा अनुस्वार पाटीवर नव्हता. पहिल्याच दिवशी अनसूयाबाईंनी तो दाखवून दिला, तेव्हा सर म्हणाले, "अहो, समजतंय ना लोकांना?" बावीस भाषांच्या माणसाची मातृभाषेविषयीची कळकळ एवढीच. मी तिथे सात वर्षं काढली, तेव्हा त्या जागेबद्दल नाक मुरडून बोलायचा मला हक्क आहे. माझ्याबद्दल काय बोलायचं ते पुढे येईलच.

अनसूयाबाई मूळच्या रत्नागिरीजवळच्या. लग्न होऊन गिरगावात आल्या आणि दोन वर्षांत एका छापखान्यात लागल्या. त्यांचं काम सगळ्यात खालचं होतं: छापून झालेल्या पानातले शिशाचे खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. क चा खिळा क च्या खणात, काना कान्याच्या खणात. विसर्गाचा खिळा आणि अपूर्णविरामाचा खिळा, दोन्हींवर एकावर एक असे दोन ठिपके, पण खण वेगळे. चुकीच्या खणात गेलेला खिळा दुसऱ्या दिवशी भलत्याच शब्दात उगवायचा आणि मग हेड कंपॉझिटर सगळ्यांदेखत आईबापांचा उद्धार करायचा. अशी अकरा वर्षं त्यांनी काढली. छापखाना बंद पडला, गिरगावातली खोली गेली, आणि शिवलकर कुटुंब भाईंदरच्या जेसल पार्कला एका खोली-किचनमध्ये आलं. नवरा एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून होता. बाई चाळिशीच्या उंबरठ्यावर कॉम्प्युटर शिकल्या.

आमच्या पिढीबद्दल त्यांना काय वाटायचं, ते त्या लपवत नसत. आमच्यातल्या एकाने श्रद्धांजलीच्या जाहिरातीत 'दुःख' या शब्दात विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन ठोकला होता. दिसायला सारखंच. पण ओळ भरली तशी कॉम्प्युटरने तो शब्द कोलनपाशी तोडला. 'दु' वरच्या ओळीत राहिला आणि 'ख' खाली गेला. बाई म्हणाल्या, "मेलेल्या माणसाच्या दुःखाचेही दोन तुकडे केलेत. तुम्हाला दिसतं ते अक्षर वाटतं. आमच्याकडे तुम्हाला कुणी झाडू मारायलासुद्धा ठेवलं नसतं."

आम्ही त्यांना मागे 'खिळाबाई' म्हणायचो.

२००८ सालच्या मे महिन्यात ब्रह्मदेशात मोठं चक्रीवादळ झालं. घाण पाणी पिऊन तिकडे जुलाबाच्या साथी येणार, म्हणून एका मदतसंस्थेने इकडच्या एका औषध कंपनीला जलसंजीवनीच्या पुड्यांची ऑर्डर दिली. साखर-मिठाची पुडी, पाण्यात विरघळवून पाजायची. पुड्या भरण्याचा कारखाना घोडबंदर रस्त्यावर वरसाव्याला होता, आणि पुडीवरचा बर्मी मजकूर मांडायचं काम आमच्याकडे आलं.

सरांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच होतो.

"अनसूयाबाई, तुम्ही रत्नागिरीच्या ना?"

"हो."

"मग बर्मीज तुम्हीच घ्या. त्यांचा राजा तुमच्याकडेच आणून ठेवलेला ना?"

"त्याला कैदेत ठेवला होता, सर," बाई म्हणाल्या. "आमच्या शाळेत शिकवायला नव्हता."

सर खो खो हसले. त्यांना वाटलं, बाईंनी विनोद केला.

कामात एक भानगड होती, ती अभिनवने समजावून सांगितली. कॉम्प्युटर अक्षराचं चित्र साठवत नाही, नंबर साठवतो. प्रत्येक अक्षराला जगभर ठरलेला एकच नंबर असतो आणि त्या नंबरावरून फॉन्ट चित्र काढतो. बर्मी लिपीला असे नंबर मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती, पण मूळ योजनेत काही जोडाक्षरांची आणि खुणांची सोय नीट नव्हती, म्हणून त्याच वर्षी एप्रिलमध्ये नवे नंबर देऊन ती सुधारली. तोवर तिकडच्या लोकांनी आपापले जुगाडू फॉन्ट बनवून काम भागवलं होतं. त्या फॉन्टांत नंबर एका अक्षराचा आणि चित्र दुसऱ्याचंच, असा कारभार. संस्थेला मजकूर नव्या पद्धतीत हवा होता. यंगूनहून फाईल आली होती जुन्या पद्धतीत.

"बेसिकली," अभिनव म्हणाला, "त्यांच्यात एक 'ए'चा मार्क आहे. तो दिसतो अक्षराच्या आधी. जुन्या फॉन्टमध्ये स्टोअरपण आधीच होतो. नवीन स्टँडर्डमध्ये दिसतो आधी, पण स्टोअर होतो नंतर. तुम्हाला हे थोडं टेक्निकल वाटेल."

"म्हणजे आपल्या पहिल्या वेलांटीसारखं," बाई म्हणाल्या. "'कि' लिहिताना वेलांटी आधी काढतो, पण बोलताना आधी क येतो. खिळे जुळवताना ती आधी लावायची. कॉम्प्युटरला आता ती नंतर लागते."

अभिनवने तोंड वाकडं केलं. "नाही, ते डिफरंट कन्सेप्ट आहे."

ते अगदी तेच होतं. पण ज्याने लॅपटॉपमध्ये प्रोग्रॅम लिहिलाय, त्याला ओल्या फडक्याने कीबोर्ड पुसणाऱ्या बाईने एका वाक्यात समजावून सांगावं, हे कसं मान्य व्हायचं?

वाटण्या अशा झाल्या. मोठा मजकूर अभिनवच्या प्रोग्रॅमने नव्या नंबरांत बदलायचा आणि बाईंनी तो पुडीच्या मापात मांडायचा. किती पाणी घ्यायचं, कोणत्या वयाला किती पाजायचं, हा आकड्यांचा तक्ता मात्र अभिनव स्वतः तयार करून देणार. "टेबल मी लॉक करून देईन. त्याला हात लावू नका," त्याने बजावलं.

बाईंनी त्या आठवड्यात एक गोष्ट केली, जी त्या ऑफिसात दुसऱ्या कुणीही केली नाही. बर्मी अंक शून्यापासून नऊपर्यंत एका पांढऱ्या कार्डावर काढले, शेजारी मराठी अंक लिहिले आणि कार्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलं. तीन दिवसांत त्यांना ते पाठ झाले. दहा अंक होते. आम्ही पाच जण दिवसाला चार चहा पीत तिथे बसलेलो होतो, आमच्यापैकी कुणालाही दहा चिन्हं शिकावीशी वाटली नाहीत. सरांनी कार्ड बघून विचारलं, "हे काय, मुलांच्या शाळेसारखं?" आणि क्लायंट येणार असेल तेव्हा ते काढून ठेवायला सांगितलं, कारण त्याने ऑफिसची इमेज जाते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात बाईंच्या सासूबाई वारल्या. त्या बारा-तेरा दिवस रजेवर गेल्या. जाण्याआधी त्यांचा मजकूर मांडून झाला होता, फक्त तक्ता यायचा होता. तो दोन दिवसांनी आला, अभिनवने तो जागेवर बसवला, आणि शेवटच्या प्रुफाचा कागद सही करायला माझ्यासमोर आला. एका बाजूला यंगूनहून आलेला मूळ कागद, दुसऱ्या बाजूला आमचा. मी दोन्हींवरून नजर फिरवली. इकडे गोल गोल, तिकडे गोल गोल. दोन्ही सारखंच दिसतंय, असं मला वाटलं. मी 'तपासले' असं लिहिलं आणि खाली सही केली: निकेत. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग मी खाली वडापाव खायला गेलो.

बाई शुक्रवारी कामावर परत आल्या. पुड्यांसाठी छापलेल्या चमकत्या कागदाच्या रोलचा हातभर लांब नमुना टेबलावर पडला होता. रोल तोवर वरसाव्याला पोहोचलेही होते, सोमवारपासून पुड्या भरायच्या होत्या. बाईंनी नमुना उचलला, चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांच्या अगदी जवळ धरला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "निकेत, पाणी किती घ्यायचंय या पुडीला?"

"एक लिटर. इंग्लिश कॉपीत हजार मिली आहे."

"इथे शंभर आहे."

मी उठून गेलो. बाईंनी बोट ठेवलं होतं. एक आकडा आणि त्यामागे दोन गोल. त्यांनी कार्ड काढून माझ्या हातात दिलं. एक, शून्य, शून्य. त्यानंतर सरळ 'मिलिलिटर' हा शब्द.

"मूळ कागद काढ."

मूळ कागदावर तीन गोल होते. मी जो कागद तपासला होता, त्याच कागदावर. तीन आणि दोन यांतला फरक समजायला बर्मी यावं लागत नाही.

बाईंनी यंगूनची मूळ फाईल उघडली, तो आकडा एका कोऱ्या पानावर घेतला आणि प्रत्येक चिन्हामागे कर्सर ठेवून दोन कळा दाबत गेल्या. असं केलं की चिन्ह जातं आणि त्याचा नंबर दिसतो. एक या अंकाचा नंबर आला १०४१. पहिल्या शून्याचा १०४०. दुसऱ्या शून्याचा १०४०. तिसऱ्या शून्याचा आला १०१डी; या नंबरांत इंग्रजी अक्षरंही येतात.

"हे शून्य नाहीये," बाई म्हणाल्या.

बर्मी लिपीत शून्य आणि 'व' हे अक्षर दोन्ही नुसते गोल. ၀ आणि ဝ. पहिलं शून्य, दुसरं व. शेजारी ठेवले तरी बहुतेक फॉन्टांत ओळखू येत नाहीत. पण कॉम्प्युटरच्या लेखी एक अंक आहे आणि दुसरं अक्षर, दोघांचे नंबर वेगळे. यंगूनच्या टायपिस्टने आधी चुकून शंभर लिहिलं असावं, मग कुणी चूक दाखवल्यावर मागे आणखी एक गोल डकवला असावा, आणि बोट पडलं 'व'च्या कळीवर. कागदावर हजारच दिसत होते. तिकडच्या कुणीही ते हजार असंच वाचलं असतं.

अभिनवच्या प्रोग्रॅमने काय केलं होतं, ते बाईंनी पुढच्या दहा मिनिटांत शोधलं. त्याला तक्त्यातून जुन्या पद्धतीचा 'मिलिलिटर' शब्द काढून नव्या पद्धतीचा घालायचा होता. म्हणून त्याने सोपा हुकूम दिला: अंक तेवढे ठेव, अक्षरं सगळी काढून टाक. 'व' हे अक्षर होतं. ते बाकीच्या अक्षरांबरोबर गेलं.

"चुकीच्या खणात पडलेला खिळा," बाई पुटपुटल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एका लिटरची पुडी शंभर मिलीत घातली तर काय होतं, माहितीय? दहापट खारट. जुलाब झालेल्या पोराच्या अंगातलं उरलंसुरलं पाणी ते ओढून काढतं. प्रुफावर सही कुणाची आहे?"

मी सांगितलं.

ज्या नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं, तिच्यात रागही नव्हता. खिडकीबाहेर पॉलिशवाल्यांच्या कचऱ्याकडे बघायच्या, तसं बघितलं.

सर आणि अभिनव केबिनमध्येच होते. बाईंनी नमुना, मूळ कागद आणि नंबरांची चिठ्ठी टेबलावर मांडली. अभिनवने चिठ्ठी हातात घेतली, चेहरा थोडा उतरला, आणि मग तो सावरून म्हणाला, "बेसिकली हा इनपुटचा प्रॉब्लेम आहे. त्यांनी राँग कॅरेक्टर टाईप केलं. माझं लॉजिक करेक्ट आहे."

"तुमचं लॉजिक बरोबर आहे आणि पोरं मरतील," बाई म्हणाल्या.

"अहो, एवढं काय?" सर म्हणाले. "तिथले लोक इतकी वर्षं ही पुडी वापरतायत. त्यांना माहीत असतं किती पाणी घालायचं. कोण वाचतं पुडीवरचं?"

"मग आपण छापतो कशाला?"

सरांनी दुसरीकडून सुरुवात केली. क्लायंटने प्रूफ मंजूर केलंय, कायद्याने आपली जबाबदारी संपली. छपाईचे सिलिंडर परत बनवायचे म्हणजे नाव खराब. पुढच्या लॉटला गुपचूप दुरुस्ती करून देऊ. "आणि तुम्हाला बर्मीज येतं तरी का, अनसूयाबाई? दहा आकडे पाठ केले म्हणजे एक्स्पर्ट झालात?"

"तुम्ही दहा तरी करा," बाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

शनिवारी सकाळी त्या माझ्या बिल्डिंगखाली उभ्या होत्या. "स्कूटर काढ," एवढंच म्हणाल्या. आम्ही गोल्डन नेस्टवरून काशिमिऱ्याला हायवेला लागलो आणि वरसाव्याला पोहोचलो. खाडीच्या अलीकडे कारखान्याचं फाटक होतं, तिथे गावातलाच एक म्हातारा वॉचमन होता. क्वालिटी बघणाऱ्या मॅडमना भेटायचंय, असं बाईंनी त्याला सांगितलं.

"मॅडम मिटिंगमधी हाय. आज न्हाय भेटनार," तो म्हणाला.

"थांबते."

दोन तास थांबवून ठेवलं. त्या दोन तासांत बाई फाटकाजवळच्या कट्ट्यावर पदर सावरून बसल्या, पाण्याचा घोटही घेतला नाही. मी दोनदा म्हटलं की सोमवारी फोन करू. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "तुला जायचं तर जा. मी रिक्षाने येईन." मी गेलो नाही. यात माझं काही मोठेपण नाही. सही माझी होती आणि मला भीती वाटत होती.

क्वालिटीच्या सुचेता मॅडम शेवटी रिसेप्शनला आल्या. उभ्याउभ्याच विचारलं, "तुम्ही कोण? टिपणीस कुठेयत?"

"मी ऑपरेटर आहे. ते आले नाहीत."

"ऑपरेटरला कशाला पाठवलं?"

"पाठवलं नाही. मी आले."

मॅडमच्या कपाळावर आठी आली. दोन जिने उतरून एका ऑपरेटरसाठी यावं लागलं, याचा त्रास चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. "हे बघा, प्रूफ अप्रूव्ह झालेलं आहे. आमच्याकडे चार लोकांच्या सह्या आहेत त्यावर."

"त्या चौघांपैकी बर्मी अंक कुणाला येतात?"

बाईंनी पिशवीतून ते पांढरं कार्ड काढलं आणि छापलेल्या नमुन्याशेजारी काउंटरवर ठेवलं.

"मी काही सांगत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच वाचा."

मॅडमनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग कार्डाकडे, मग नमुन्याकडे. बोट कार्डावरून फिरलं. "एक," त्या म्हणाल्या. "शून्य. शून्य." बोट पुढे सरकलं आणि थांबलं, कारण पुढे अंक नव्हता. मॅडम औषधशास्त्र शिकलेल्या होत्या. शंभर मिलीत ती पुडी म्हणजे काय, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. रिसेप्शनच्या मुलीने पाण्याचा ग्लास आणला, तो तसाच राहिला.

"हे कसं झालं?"

बाईंनी नंबरांची चिठ्ठी दाखवली आणि सांगितलं. शून्य आणि व. तिसरं शून्य शून्य नव्हतं. समजावताना त्यांनी 'बेसिकली' एकदाही म्हटलं नाही आणि पाच मिनिटांत मॅडमना सगळं कळलं.

"तुमच्याकडे हे तपासलं कुणी होतं?" मॅडमनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोलायची संधी त्यांनी माझ्यासाठी मोकळी सोडली होती, आणि ती मी घेतो की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

"मी," मी म्हणालो. "मला वाचता येत नव्हतं. तरी सही केली."

"आमच्याही चौघांनी केली," सुचेता मॅडम म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या.

सोमवारी पुड्या भरल्या गेल्या नाहीत. सगळे रोल बाजूला काढून फाडून टाकले, नवे सिलिंडर बनले, आणि पंधरा दिवस उशिराने, हजार लिहिलेल्या पुड्या जहाजावर चढल्या. आधीची एकही पुडी कारखान्याबाहेर गेली नव्हती. याचं श्रेय एका बाईला होतं, आणि पुढे जे झालं त्यात तिचं नाव कुठेच नव्हतं.

गुणवंत टिपणीस यांनी सोमवारी सकाळी बाईंना केबिनमध्ये घेऊन अर्धा तास सुनावलं. क्लायंटला परस्पर भेटायचा अधिकार कुणी दिला, कंपनीची बदनामी, निष्ठा वगैरे. त्याच दुपारी त्यांनी औषध कंपनीला पत्र लिहिलं की आमच्या अनेक पातळ्यांवरच्या काटेकोर तपासणीत ही त्रुटी वेळेत सापडली, आणि तपासणीचं नेतृत्व आमचे भाषातंत्रज्ञ अभिनव यांनी केलं. पत्र टाईप मी केलं. त्यात 'काटेकोर' हा शब्द सरांनी 'काटेकोरं' असा लिहून दिला होता, तो मी तसाच ठेवला. माझी बंडखोरी एवढ्यावरच संपली.

औषध कंपनीलाही आपल्या चार सह्यांची लाज झाकायची होती, त्यामुळे तिला ते पत्र आवडलं. ऑगस्टमध्ये मीरा रोडच्या एका हॉलमध्ये पुरवठादारांचा मेळावा झाला. तिथे सरांना काचेचा मानपत्रासारखा तुकडा मिळाला आणि अभिनवला गुच्छ. अभिनवने छोटं भाषण केलं. लिपी ही संस्कृतीचा आत्मा असते, असं तो म्हणाला. टाळ्या वाजल्या. मी मागच्या रांगेत पनीर टिक्का खात होतो.

बाईंना मेळाव्याचं आमंत्रण नव्हतं. मेळाव्याचा बॅनर मात्र त्यांच्याकडूनच करून घेतला होता. त्यांनी तो केला. सरांनी 'हार्दीक स्वागत' लिहून दिलं होतं, त्याचं त्यांनी 'हार्दिक' केलं. अक्षरांतली मोकळी जागा मापून सारखी केली, कडा तपासल्या. मला राग आला. मी म्हटलं, "यांच्यासाठी एवढं कशाला करताय?"

"यांच्यासाठी?" त्या म्हणाल्या. "यांना ऱ्हस्व-दीर्घ कळतं तरी का? माझ्या हातून वाईट काम गेलं तर ते मला दिसणार. यांना चांगलंही दिसत नाही."

बॅनर छपाईला गेला त्या दिवशी त्यांनी राजीनामा टेबलावर ठेवला. एका ओळीचा होता. सरांनी वाचून विचारलं, "कारण लिहिलं नाहीत?" बाई म्हणाल्या, "लिहून काय उपयोग, तुम्ही वाचणार नाही."

दिवाळीनंतर सुचेता मॅडमनी त्यांना वरसाव्याला बोलावून घेतलं. तिथे परदेशी भाषांतला मजकूर छापायच्या आधी बघायला माणूस हवा होता. बाईंनी अट घातली की ज्या भाषेचं काम असेल, तिची अक्षरं शिकायला त्यांना आधी पंधरा दिवस मिळाले पाहिजेत, आणि दिसायला सारख्या असलेल्या अक्षरांची यादी त्या स्वतः करणार. मॅडमनी मान्य केलं. पुढे गोराईच्या पॅगोड्याकडे आलेल्या एका बर्मी आजींना गाठून बाई पूर्ण बाराखडी शिकल्या. शिकवताना आजी हिंदीचे चार शब्द बोलायच्या, बाई कोकणीमिश्रित हिंदी बोलायच्या, आणि दोघी एकमेकींच्या अक्षराला नावं ठेवायच्या, असं त्यांच्या मिस्टरांनी मला सांगितलं.

मी त्यांना २००९च्या मार्चमध्ये भेटायला गेलो. फाटकावर बाईंची आणि वॉचमनची वादावादी चालू होती. कारखान्याने सगळ्यांना गळ्यात घालायचं ओळखपत्र दिलं होतं आणि त्यावर त्यांचं नाव 'अनुसया' असं छापलं होतं. बाईंनी ते परत पाठवलं. दुसरं आलं, त्यावर 'अनसुया'. तेही परत गेलं. तिसऱ्यावर 'अनूसया' होतं. त्यांनी ते घालायचं नाकारलं होतं, आणि ओळखपत्र नसलेल्याला आत सोडायचं नाही असा नियम होता.

"घाला ना मावशी," म्हातारा म्हणाला. "कोन बघतंय नाव?"

बाईंनी फाटकावरचं रजिस्टर ओढून घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि पान अर्धं भरेल एवढ्या मोठ्या अक्षरात 'अनसूया शिवलकर' असं लिहिलं. स चा उकार दीर्घ. मग रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं.

"आता बघ," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.